पुढे आलेले दात, मागे राहिलेला जबडा: तारा काढून पाच वर्षं झाल्यावर चावा किती टिकला

पार्श्वभूमी

तारा काढल्या त्या दिवशीचे फोटो सगळेच दाखवतात आणि ते छान दिसतातच, पण चावा खरंच दुरुस्त झाला की नाही हे त्या दिवशी कळत नाही, त्यासाठी मधे काही वर्षं जावी लागतात. ही केस लिहायला घेतली ती याचसाठी. सुरुवातीपासून ते तारा काढून पाच वर्षं होईपर्यंतची सगळी मापं, प्लास्टरची मॉडेल्स, एक्सरे हातात आहेत आणि मधे जिथे गाडी अडली तेही नोंदलेलं आहे. पेशंट ओळखू येईल असे तपशील अर्थातच काढलेत.

मुलगा आला तेव्हा सव्वाबारा वर्षांचा होता. आईची तक्रार होती की वरचे दात फार पुढे आलेत आणि झोपेत सुद्धा ओठ मिटत नाहीत. मुलाची स्वतःची तक्रार काहीच नव्हती, निदान आईसमोर तरी नव्हती. नऊ वर्षांचा असताना तो तोंडावर पडला होता आणि वरच्या पटाशीच्या दाताचा कोपरा तेव्हा उडाला होता. ही गोष्ट आई सहज बोलता बोलता सांगून गेली, पण मला ती महत्त्वाची वाटते, कारण वरचे दात खालच्यांपेक्षा ३ मिमीहून जास्त पुढे असले की दाताला मार बसायची शक्यता साधारण दुप्पट होते असं वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलंय. म्हणजे हा नुसता दिसण्याचा प्रश्न नव्हता.

नेमका प्रॉब्लेम काय होता

ओव्हरजेट, म्हणजे वरचे पुढचे दात खालच्यांच्या किती पुढे आहेत ते आडवं अंतर, १० मिमी होतं. ते २ ते ३ मिमी असावं. उभा चावा इतका खोल होता की दात मिटल्यावर खालचे पुढचे दात दिसायचेच नाहीत, ते थेट टाळूला टेकायचे आणि वरच्या दातांमागे टाळूवर त्यांचे दोन लालसर ठसे उमटलेले होते. खालचा ओठ वरच्या दातांच्या मागे जाऊन बसायचा. आता ओठ रोज तिथे बसला की तो वरच्या दातांना आणखी पुढे ढकलतो आणि खालच्यांना मागे दाबतो, म्हणजे प्रॉब्लेम स्वतःच स्वतःला वाढवत राहतो. दाढांचं नातं दोन्ही बाजूंना क्लास टू. एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून जे वर्गीकरण केलं ते अजूनही रोजच्या वापरात आहे, त्यातला हा दुसरा वर्ग, खालची दाढ वरच्या दाढेच्या मानाने मागे. खालच्या पुढच्या दातांत थोडी दाटी होती आणि वरचा एक पटाशीचा दात बराच फिरलेला होता. हा फिरलेला दात लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

पण दात पुढे आहेत म्हणजे दोष वरच्याच जबड्याचा असं नसतं. बाजूने काढलेल्या डोक्याच्या एक्सरेवर कवटीच्या तळाशी जबड्यांचे कोन मोजले, वरचा जबडा ८१ अंश, म्हणजे नॉर्मलच. खालचा ७४.५, जो ८० च्या आसपास हवा. दोन्हीतला फरक ६.५ अंश, जो साधारण २ असतो. थोडक्यात वरचा जबडा आपल्या जागी बरोबर, खालचा मागे राहिलेला आणि वर भरीला वरचे दात पुढे कललेले. खालचे पुढचे दातही ९६ अंशाला होते, म्हणजे नेहमीच्या ९० पेक्षा आधीच पुढे झुकलेले. हा आकडा पुढे खूप नडला.

त्याच एक्सरेत मानेचे मणके दिसतात, त्यांच्या आकारावरून वाढीचा अंदाज घेतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्याच्या खालच्या कडेला खोलगटपणा आलेला होता, चौथ्याची कड अजून सपाट होती. याचा अर्थ उंचीची आणि जबड्याची जोरात वाढ आता तोंडावर आली आहे, साधारण पुढच्या वर्षभरात. आईनेही सांगितलं की पॅंट आखूड होऊ लागल्यात. वयाचा दाखला बघून यातलं काही कळत नाही, एकाच वर्गातली दोन मुलं वाढीच्या बाबतीत दोन वर्षं मागेपुढे असू शकतात.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, वाढ चालू आहे तोवर खालचा जबडा पुढे ठेवणारं फंक्शनल अप्लायन्स द्यायचं आणि नंतर तारा लावायच्या. दुसरा, आत्ता काही न करता सगळे कायमचे दात आल्यावर वरच्या दोन उपदाढा काढायच्या आणि त्या जागेत पुढचे दात मागे ओढायचे. यात दाढा क्लास टू मध्येच राहतात, पुढचं अंतर तेवढं झाकलं जातं. तिसरा, वाढ पूर्ण थांबेपर्यंत वाट बघायची आणि मग तारा अधिक जबड्याचं ऑपरेशन.

आईचा कल दुसऱ्याकडे होता, कारण नात्यातल्या कोणाचं तरी तसं झालेलं होतं आणि चांगलं झालेलं होतं. ती ट्रीटमेंट वाईट नाही, मोठ्या माणसांत मी ती करतो. पण या मुलात दोष खालच्या जबड्यात असताना बरोबर असलेल्या वरच्या बाजूलाच मागे ओढायचं, तेही वाढ हाताशी असताना, हे मला पटत नव्हतं. त्याला आरशासमोर उभं केलं आणि सांगितलं, "खालचा जबडा पुढे आण, दात दाताला टेकव, आणि ओठ मीट." बाजूने फोटो काढला आणि आईला दोन्ही फोटो शेजारी शेजारी दाखवले. हनुवटी पुढे आल्यावर चेहरा स्पष्टपणे सुधारत होता, नाक आणि वरचा ओठ होते तसेच छान दिसत होते. अशा मुलात जबडा पुढे आणायचा प्रयत्न करून बघण्यात अर्थ असतो. जबडा पुढे आणल्यावर चेहरा उलट बिघडत असेल तर मात्र तो रस्ता धरू नये.

ऑपरेशनचा पर्याय हातचा राखून ठेवायचा होता. आत्ताच्या ट्रीटमेंटने तो दरवाजा बंद होत नाही हे आईला स्पष्ट सांगितलं. अलाइनरबद्दलही, म्हणजे दातांवर बसणाऱ्या काढता येणाऱ्या पारदर्शक ट्रेबद्दलही, विचारणा झाली. जबडा पुढे ठेवणारे अलाइनर निघालेत, पण काढता येणारी कोणतीही वस्तू ही घालणाऱ्यावर अवलंबून, त्यामुळे "पारदर्शक आहे म्हणून तो नक्की घालेल" हे गृहीत धरायला मी तयार नव्हतो.

इथे एक गोष्ट पालकांना आधीच सांगावी लागते आणि मला वाटतं ती पुरेशी सांगितली जात नाही. फंक्शनल अप्लायन्सने जबडा 'वाढतो' असं सर्रास बोललं जातं. ब्रिटनमध्ये १७४ मुलांवर झालेली चाचणी, जी केविन ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये छापली, तिच्यात ट्विन ब्लॉक या फंक्शनल अप्लायन्सने ओव्हरजेट मस्त कमी झाला, पण त्यातला मोठा भाग दात हलण्यातनं आला, हाडातला बदल थोडाच होता. ती मुलं ८ ते १० वर्षांची होती. त्यांचाच पुढे पाठपुरावा केला तेव्हा इतक्या लवकर सुरू केल्याने शेवटचा रिझल्ट काही सरस निघाला नाही, उलट भेटी आणि एकूण वेळ वाढला. म्हणून ८-९ वर्षांच्या मुलात मी सहसा थांबायला सांगतो, अपवाद म्हणजे दात फारच पुढे असतील आणि मार बसायची भीती असेल किंवा शाळेत मुलं छळत असतील तर. हा मुलगा सव्वाबारा वर्षांचा, वाढीच्या तोंडावरचा, म्हणजे वेळ योग्य होती. तरी आईला सांगितलं ते हेच की दहातले बरेचसे मिलिमीटर दातांच्या हलण्यातनं येतील, हनुवटी थोडी पुढे येईल, खूप नाही.

काय केलं: पहिला टप्पा

ट्विन ब्लॉक दिलं. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये काढलेलं हे अप्लायन्स, वरची एक प्लेट आणि खालची एक, दोन्हीवर अॅक्रिलिकचे ठोकळे, आणि त्यांचे उतार साधारण ७० अंशाला एकमेकांवर असे बसतात की तोंड मिटायचं तर खालचा जबडा पुढे आणल्याशिवाय मिटताच येत नाही. जबडा एकदम १० मिमी पुढे न आणता ७ मिमी आणला, उरलेलं नंतर वाढवायचं ठरवलं. वरच्या प्लेटमध्ये मधोमध स्क्रू, तो आठवड्यातनं एकदा पाव मिलिमीटर फिरवायचा, कारण खालचा जबडा पुढे आला की वरची कमान त्याला अरुंद पडते.

पहिल्या तीन महिन्यांत ओव्हरजेट १० वरून ७.५ वर आला. सगळे खूश.

पाचव्या महिन्यातही तो ७.५ च होता.

जिथे गाडी अडली

आई म्हणाली, "घालतो हो डॉक्टर, मी स्वतः बघते." ती खोटं बोलत नव्हती, ती बघत होती तेव्हा तो घालत होता. पण काही खुणा लपत नाहीत. जो मुलगा ट्विन ब्लॉक रोज दिवसभर घालतो तो ते आरशाशिवाय, जिभेने जागेवर ढकलून, चावून बसवतो, एका सेकंदाचं काम असतं. याने दोन्ही हातांनी, आरसा मागून, एक बाजू बसवली तर दुसरी उचलली जातेय असं करत बसवलं. ठोकळ्यांच्या उतारावर घासल्याची चमक नव्हती. आणि बोलायला लावलं तर 'स' आणि 'श' अजून पहिल्या आठवड्यासारखेच येत होते, नियमित घालणाऱ्याचं बोलणं काही दिवसांत सुधारतं.

आईला बाहेर बसवलं आणि मुलाशी एकट्याशी बोललो. रागवायचं नाही हे आधी ठरवलं होतं, कारण रागावल्याने फक्त एवढंच होतं की पुढच्या वेळी मूल जास्त सफाईने लपवतं. विचारलं, "शाळेत काढून ठेवतोस का?" थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "वर्गात उत्तर द्यायला उभं राहिलं की सगळे हसतात." शाळेत जाताना काढायचा ते संध्याकाळी कधीतरी परत घालायचा, रात्री झोपेत निघालं तर तसंच राहायचं. हिशोब केला तर दिवसाला सहा-सात तासांच्या वर काही ते तोंडात नव्हतं.

इथे निर्णय घ्यायचा होता. एक, हर्ब्स्ट बसवायचं, म्हणजे जबडा पुढे ठेवणारं पण काढता न येणारं अप्लायन्स. ट्विन ब्लॉक आणि हर्ब्स्टची थेट तुलना झालेली आहे, शेवटचा रिझल्ट दोन्हींचा सारखाच, पण ट्विन ब्लॉक अर्धवट सोडणारी मुलं जवळपास एक तृतीयांश होती आणि हर्ब्स्टमध्ये त्याच्या निम्म्याहून कमी. तोटा असा की हर्ब्स्ट तुटतं, निघतं, दुरुस्तीच्या भेटी वाढतात. दोन, फंक्शनल सोडून सरळ उपदाढा काढण्याकडे वळायचं. तीन, ट्विन ब्लॉकच ठेवून तास बदलायचे.

मी तिसरं निवडलं. मुलाने अडचण स्वतःहून सांगितली होती, म्हणजे तो अजून ट्रीटमेंटमध्ये होता, आणि पहिल्या तीन महिन्यांत अप्लायन्सने त्याच्या तोंडात काम करून दाखवलेलं होतं. त्याला म्हटलं, शाळेत नको घालूस. शाळेतून आल्यापासून दुसऱ्या दिवशी शाळेत जाईपर्यंत मात्र ते तोंडात पाहिजे, चौदा-पंधरा तास, आणि वहीत तूच लिहायचं, आई नाही. हे मी नुसतं सूट म्हणून दिलं नाही. ट्विन ब्लॉक १२ तास आणि २२ तास घालणाऱ्या मुलांची तुलना २०१९ मध्ये छापून आलीय, ओव्हरजेट कमी होण्यात दोघांत फरक आढळला नाही. बावीस तास सांगून सहा तास मिळण्यापेक्षा चौदा सांगून तेरा मिळालेले कधीही बरे. तीन महिन्यांची मुदत ठेवली, तेवढ्यात माप हललं नाही तर हर्ब्स्ट, हेही त्याच्यासमोरच ठरलं.

माप हललं. आठव्या महिन्यात ५, मग ठोकळ्यांवर अॅक्रिलिक वाढवून जबडा आणखी पुढे घेतला, आणि अकराव्या महिन्यात २.५.

२.५ खरे होते का?

हा टप्पा लोक घाईत ओलांडतात. वर्षभर जबडा पुढे ठेवायची सवय लागलेलं मूल डॉक्टरने "चाव बघू" म्हटलं की सवयीने जबडा पुढेच आणतं, आणि माप सुंदर येतं. आराम पडल्यावर जबडा परत मागे जातो. असा दोन जागी बसणारा चावा असेल आणि आपण लगेच तारा लावल्या तर सगळं गणित चुकतं. म्हणून त्याला अर्धा तास ट्विन ब्लॉक काढून नुसतं बसवलं, मग आडवा करून, जीभ टाळूला मागे लावायला सांगून, हनुवटी सैल सोडून मापलं. ४ मिमी आले. दीड मिलिमीटर म्हणजे नुसती सवय होती.

शिवाय ठोकळ्यांमुळे दोन्ही बाजूंना दाढांमध्ये फट होती. ती भरायला वरचा ठोकळा दाढांवरून दर भेटीला थोडा थोडा घासत गेलो, त्यामुळे खालच्या दाढा वर येतात आणि खोल चावाही उघडतो. पुढचे तीन महिने फक्त रात्री. चौदाव्या महिन्याच्या शेवटी आरामातलं माप ३ आणि चावतानाचं माप २.५, हा फरक चालण्यासारखा होता.

नवीन एक्सरे काढला. खालचा जबडा ७४.५ वरून ७६, वरचा ८०.५, दोन्हीतला फरक ६.५ वरून ४.५. वरचे दात १२० अंशावरून ११२ वर आले. खालचे पुढचे दात मात्र ९६ वरून १०१. म्हणजे जे वाचलं होतं तेच तोंडात घडलं, हनुवटी थोडी आली, वरचे दात मागे गेले, खालचे पुढे झुकले. आईला दोन्ही एक्सरेच्या रेषा एकमेकींवर ठेवून दाखवल्या, ती म्हणाली, "म्हणजे जबडा फार नाही वाढला?" नाही, फार नाही वाढला. पण ओठ मिटत होते, खालचा ओठ आता वरच्या दातांच्या पुढे बसत होता आणि टाळूवरचे ठसे गेलेले होते.

दुसरा टप्पा: तारा

१०१ अंशावर बसलेले खालचे दात आणि त्यांच्यातली दाटी, हा पुढचा पेच. दाटी सोडवायला जागा लागते आणि जागा नसली की दात आणखी पुढे जातात. फार पुढे गेले की समोरचं हाड आणि हिरडी पातळ पडते, हिरडी उतरायची भीती. चार उपदाढा काढून दात मागे घेता आले असते, पण मग ट्विन ब्लॉकने मिळवलेलं वरखाली झालं असतं आणि चेहऱ्याला त्याची गरज नव्हती. मधला रस्ता घेतला, खालच्या पुढच्या दातांच्या बाजू मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शात घासून थोडी जागा केली, आणि क्लास टू रबर बँड, जे वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत लावतात, ते कमी काळ आणि हलक्या जोराचेच वापरले, कारण ते खालचे दात आणखी पुढे आणतात.

बाकी तारांचा भाग सरळ होता. आधी बारीक निकेल टायटॅनियमच्या तारा, त्या वाकवल्या तरी परत सरळ व्हायला बघतात आणि दाताला हलका जोर देत राहतात, मग जाड चौकोनी स्टीलच्या. दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं, ताणाच्या बाजूला नवीन भरतं, आणि दात त्या हाडातनं महिन्याला साधारण एक मिलिमीटरच्या आसपास सरकतो. जोर दुप्पट केला म्हणून दात दुप्पट वेगाने जात नाही, मुळांना इजा व्हायची शक्यता मात्र वाढते. ब्रशिंग अधूनमधून ढिलं पडलं आणि दोन दातांवर पांढरे डाग आले, ते आजही फिकट दिसतात.

सतरा महिन्यांनी तारा काढल्या. ओव्हरजेट २ मिमी, उभा चावा पाव, म्हणजे वरचे दात खालच्यांचा पाव भाग झाकतील इतका, उजवीकडची दाढ पूर्ण क्लास वन, म्हणजे नॉर्मल, डावीकडची अजून थोडी मागे. फोटो अर्थातच छान.

तारा काढल्यानंतर

दात नव्या जागी आणला तरी त्याच्या भोवतीच्या तंतूंना जुनी जागा आठवत असते. मुळाभोवतीचे तंतू तीन-चार महिन्यांत नव्याने जुळतात, पण हिरडीतले लवचिक तंतू वर्षभर किंवा जास्तही ताणलेले राहतात, पीळ दिलेल्या दोरीसारखे, म्हणून फिरलेला दात सगळ्यात आधी परत फिरायला बघतो. त्यासाठी खालच्या सहा दातांच्या आतून बारीक तार चिकटवली आणि वर पारदर्शक रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारं काढता येणारं कव्हर, दिला, पहिले काही महिने जास्त वेळ आणि मग रात्री.

पहिल्या आणि दुसऱ्या वर्षी तपासलं, सगळं जागच्या जागी. मग मुलगा शिकायला दुसऱ्या गावी गेला आणि भेटी थांबल्या.

तो परत आला तेव्हा तारा काढून पाच वर्षं झाली होती, वय वीस. ओव्हरजेट ३ मिमी. दाढा होत्या तशाच. उभा चावा पाव वरून साधारण ४० टक्क्यांवर, म्हणजे थोडा परत खोल झालेला. खालची चिकटवलेली तार एका दातावरून सुटलेली होती, कधी सुटली त्याला पत्ताच नाही, आणि तो दात आत जाऊन शेजारचा त्याच्यावर चढायला लागला होता. वरचा फिरलेला दात काही अंश परत फिरला होता. रिटेनर बसत नव्हता, "घट्ट वाटायला लागला म्हणून सोडला" असं म्हणाला. खरं तर घट्ट वाटायला लागला तोच तो रात्रभर घालायचा इशारा होता.

हा रिझल्ट कसा वाचायचा

दोन गोष्टी वेगळ्या करून बघायला हव्यात. चावा, म्हणजे १० मिमीवरून कमी केलेलं अंतर आणि दाढांचं नातं, पाच वर्षांनी टिकून आहे, एका मिलिमीटरचा फरक पडलाय. तो टिकला कारण दाढांचे उंचवटे आणि खाचा एकमेकींत नीट बसल्या, खालचा ओठ वरच्या दातांच्या पुढे आला, आणि तारा काढल्यावरही खालच्या जबड्याची उरलीसुरली वाढ पुढच्याच दिशेने झाली. दातांची रांग मात्र तितकी टिकली नाही.

आणि हे या मुलाचं वेगळेपण नाही. वॉशिंग्टन विद्यापीठात लिटल आणि सहकाऱ्यांनी जुने पेशंट बोलावून तपासले, ज्यांच्या पहिल्या उपदाढा काढून ट्रीटमेंट झाली होती. रिटेनर थांबवून दहा वर्षांनी दोन तृतीयांश लोकांची खालच्या पुढच्या दातांची रांग समाधानकारक राहिली नव्हती, आणि वीस वर्षांपर्यंत चांगली राहिलेले जेमतेम १० टक्के उरले. ज्यांनी आयुष्यात तारा लावल्या नाहीत त्यांच्यातही वयानुसार खालच्या दातांत दाटी वाढते, त्यामुळे सगळा दोष ट्रीटमेंटच्या माथी मारता येत नाही, आणि अक्कलदाढेच्या माथी तर मुळीच नाही, तसा ठोस पुरावा नाही. "तारांनी दात कायमचे सरळ होतात" हे वाक्य अर्धंच खरं आहे.

त्याला तीन पर्याय दिले. आहे तसं राहू द्यायचं आणि इथून पुढे हलू नये म्हणून तार नव्याने चिकटवायची. खालच्या पुढच्या दातांपुरते थोडे अलाइनर वापरून रांग सरळ करायची. किंवा परत सगळ्या तारा. त्याने आरशात बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "चावायला काही त्रास नाही ना याने?" नाही म्हटल्यावर त्याने पहिला पर्याय घेतला. मला तो निर्णय योग्य वाटला. दाटी वाढत राहिली असती तर अलाइनर सुचवले असते, पण इतक्या दाटीने हिरडीला त्रास नव्हता आणि ब्रश सगळीकडे पोचत होता.

अशी केस परत आली तर

मुलाशी एकट्याशी पाचव्या महिन्यात नाही, पहिल्याच भेटीत बोलेन, आई-वडील बाहेर बसलेले असताना. शाळेत घालणार का, वर्गात बोलावं लागतं का, मित्रांना सांगितलंय का. तास त्याच्या दिवसात बसतील असे आधीच ठरवायचे. आता अप्लायन्सच्या आत बसवायचे सेन्सर मिळतात, ते तोंडातल्या उष्णतेवरून घातलेले तास मोजतात, आणि त्यांनी दाखवलंय की मुलं सांगतात त्यापेक्षा कमी घालतात. सेन्सर वापरायचा तर पकडायला नाही, मुलाला त्याचाच आकडा दाखवायला.

खालचे दात सुरुवातीलाच ९६ अंशाला असतील तर खालच्या प्लेटवर पुढच्या दातांना अॅक्रिलिकची टोपी देऊन बघेन, म्हणजे ते थोडे कमी झुकतील, पूर्ण थांबत नाहीत हे धरूनच. फिरलेल्या दाताभोवतीचे हिरडीचे तंतू तारा काढायच्या सुमारास भूल देऊन कापता येतात, छोटं काम असतं, इथे ते करायला हरकत नव्हती. रिटेनरबद्दलची सूचना आईला दिली होती, पण जेव्हा मुलगा घर सोडून गेला तेव्हा ती सूचना त्याच्याबरोबर गेली नाही. त्यामुळे आता पंधरा-सोळाव्या वर्षी तारा काढताना मुलालाच एका कागदावर तीन ओळी लिहून देतो: रिटेनर घट्ट वाटला तर रोज रात्री घाल आणि फोन कर, तुटला किंवा हरवला तर आठवड्यात नवीन करून घे, खालची तार जिभेला खडबडीत लागली तर लगेच दाखव. वरवर घट्ट दिसणारी तार एका दातावरून सुटलेली जिभेला कळतेच असं नाही, म्हणून वर्षातनं एकदा कोणत्याही डेंटिस्टने बारीक हत्याराने एकेका दाताजवळ ती दाबून बघितली तरी पुरतं, त्यासाठी आमच्याकडेच यायला हवं असं नाही.